एक फुली, अनेक हिशेब

ब्रिटनमध्ये संसदेचे मतदान अद्याप कागदावर होते. मतदान केंद्रातील आडोशाला पेन्सिल ठेवलेली असते. मतदाराने उमेदवारांची यादी वाचायची, पसंतीच्या नावासमोरील चौकोनात फुली मारायची आणि कागद दुमडून पेटीत टाकायचा. तेथे बटण नाही, शिक्का नाही, आणि भारतात २०१३ पासून उपलब्ध असलेला ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हा पर्यायही नाही. २०२२ च्या स्थानिक निवडणुकांच्या वेळी काही स्त्रियांनी या फुलीवरूनच एक मोहीम उभारली. तिच्या घोषवाक्याचा आशय असा होता की, माझी फुली हवी असेल तर माझ्या लिंगाचा मान राखा. दारावर मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला ‘स्त्री म्हणजे कोण?’ एवढा एकच प्रश्न विचारावा, असे आवाहन त्यात होते. प्रश्न बाळबोध वाटतो. पण अनेक अनुभवी राजकारणी त्याच्यापुढे अडखळले. दोन वर्षांनी, ४ जुलै २०२४ रोजी सार्वत्रिक निवडणूक झाली, तेव्हा हा प्रश्न विचारणाऱ्या स्त्रियांपुढे मात्र स्वतःचाच एक कठीण प्रश्न उभा होता. ही एकुलती एक फुली कोठे मारावी?

या मतदारांना तिकडे ‘जेंडर क्रिटिकल’ म्हणतात. मराठीत या शब्दाला अजून सुटसुटीत पर्याय रूढ झालेला नाही. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे: स्त्री किंवा पुरुष असणे ही शरीराची वस्तुस्थिती आहे, ती बदलत नाही, कायद्याने आणि समाजाने स्त्रियांसाठी ज्या स्वतंत्र जागा राखल्या आहेत, म्हणजे अत्याचारग्रस्तांची आश्रयगृहे, स्त्रियांचे तुरुंग, रुग्णालयांतील स्त्रीकक्ष, क्रीडास्पर्धा, त्या या वस्तुस्थितीवरच आधारलेल्या असाव्यात. जन्माने पुरुष असलेली व्यक्ती स्वतःला स्त्री मानत असेल, तर तिला सन्मानाने जगू द्यावे. पण तेवढ्याने तिला त्या जागांत प्रवेशाचा हक्क मिळू नये. पारलिंगी व्यक्ती आणि त्यांचे समर्थक याला सपशेल विरोध करतात. जन्मतः लाभलेले शरीर आणि मनातील ओळख यांचा मेळ न बसण्याचे दुःख ज्यांनी भोगले आहे, त्यांना पुन्हा दाराबाहेर उभे करणे क्रूरपणाचे आहे, असे त्यांचे म्हणणे. दोन्ही बाजूंना बोलणारी माणसे खरी आहेत आणि त्यांची भीतीही खरी आहे, एवढे ध्यानात ठेवूनच पुढचा हिशेब वाचावा.

वादाचे मूळ दोन कायद्यांत आहे आणि दोन्ही मजूर पक्षाच्या राजवटीतले आहेत. २००४ च्या कायद्याने पारलिंगी व्यक्तीला ठरावीक अटी पाळून लिंगबदलाचे प्रमाणपत्र मिळवता येऊ लागले. वैद्यकीय निदान आणि दोन वर्षे नव्या ओळखीने जगल्याचा पुरावा या त्यांतील मुख्य अटी. असे प्रमाणपत्र घेणाऱ्यांची संख्या वीस वर्षांत आठ हजारांच्या थोडी वर गेली आहे. पुढे २०१० च्या समता कायद्याने ‘लिंग’ आणि ‘लिंगबदल’ अशा दोन्ही आधारांवरील भेदभावाला मनाई केली, आणि त्याच वेळी रास्त कारण असल्यास केवळ स्त्रियांसाठी सेवा चालवण्याची मुभाही दिली. मात्र प्रमाणपत्रधारक व्यक्ती या कायद्याच्या दृष्टीने स्त्री की पुरुष, हे कोणी स्वच्छ लिहिले नाही. दस्तऐवजात एक शब्द संदिग्ध राहिला की पुढच्या पिढ्या कोर्टाच्या पायऱ्या झिजवतात, हे व्यापारी घराण्यांना वेगळे सांगायला नको.

त्यातच स्त्रीवादी मते उघड मांडल्यामुळे काहींना नोकरीत त्रास झाला. २०१९ मध्ये एका रोजगार न्यायाधिकरणाने असे मत कायद्याच्या संरक्षणास पात्रच नाही, असे ठरवले होते. २०२१ मध्ये अपिलात तो निर्णय फिरला आणि हे मत बाळगणे हा संरक्षित हक्क ठरला. त्यानंतर अनेकजणी मोकळेपणाने बोलू लागल्या. यांत पुरुषही आहेत. पण पुढे असलेल्या बऱ्याचजणी आयुष्यभर डाव्या चळवळींत, कामगार संघटनांत, मजूर पक्षात वावरलेल्या. त्यांचा पेच समजून घ्यायचा तर ही गोष्ट विसरून चालणार नाही. परक्या दुकानदाराशी न पटणे वेगळे, आणि जेथे घराण्याचे खाते चार पिढ्या चालत आले तेथे न पटणे वेगळे.

दूरच्या देशातील हा वाद भारतीय घरांनाही अगदीच परका नाही. राष्ट्रकुलातील देशांचे नागरिक वैध वास्तव्य असल्यास ब्रिटनच्या संसदीय निवडणुकीत मत देऊ शकतात. त्यामुळे लंडन, हॅरो किंवा लेस्टरमध्ये नोकरी-व्यवसायासाठी राहणारी मुलगी किंवा सून, भारतीय पारपत्र हाती असतानाही, त्या दिवशी पेन्सिल घेऊन त्याच आडोशाला उभी राहिली असेल.

आता पक्षांकडे वळावे. कर्ज देताना अर्जदार काय लिहून देतो याहून मागचे हप्ते त्याने कसे फेडले हे अधिक पाहतात. या मतदारांनीही जाहीरनाम्यापेक्षा जुनी खाती अधिक उलटून पाहिली, आणि तेथेच गुंता वाढला.

हुजूर पक्षाचे आश्वासन सर्वांत स्वच्छ होते. ३ जून २०२४ रोजी, मतदानाला जेमतेम महिना उरला असताना, तत्कालीन समता मंत्री केमी बेडनॉक यांनी जाहीर केले की, समता कायद्यातील ‘लिंग’ म्हणजे जैविक लिंग, अशी दुरुस्ती त्यांचा पक्ष करील. जाहीरनाम्यातही ते आले. जमेच्या बाजूला आणखी दोन मोठ्या नोंदी होत्या. स्कॉटलंडच्या संसदेने डिसेंबर २०२२ मध्ये, निव्वळ स्वतःच्या घोषणेवर लिंगबदलाचे प्रमाणपत्र देणारे विधेयक ८६ विरुद्ध ३९ मतांनी संमत केले, तेव्हा लंडनच्या हुजूर सरकारने जानेवारी २०२३ मध्ये ते रोखले. असा अधिकार इतिहासात प्रथमच वापरला गेला. त्याच सुमारास इंग्लंड आणि वेल्समधील तुरुंगांचे नियमही कडक करण्यात आले.

पण नावेची बाजूही कोरी नव्हती. स्वघोषणेची कल्पना राष्ट्रीय पातळीवर प्रथम पुढे रेटली ती हुजूर पक्षाच्याच पंतप्रधान थेरेसा मे यांनी, २०१७ मध्ये. लोकांची मते मागवली गेली, एक लाखाहून अधिक उत्तरे आली, आणि २०२० मध्ये त्याच पक्षाच्या सरकारने तो बेत गुंडाळला. समता कायद्यातील शब्द स्पष्ट केल्यास गोंधळ कमी होईल, असा सल्ला समता आयोगाने एप्रिल २०२३ मध्ये दिला होता. दुरुस्तीला त्यानंतर वर्षभर अवधी होता आणि सभागृहात बहुमतही होते. चौदा वर्षे गादीवर बसलेल्या पेढीने दिवाळे निघण्याच्या महिन्यात हुंडी लिहून दिली, तर ती हुंडी खरी असली तरी वटवणार कोण? जनमताचे सारे कौल मजूर पक्षाचा विजय सांगत होते. म्हणजे हुजूर पक्षाला मत देणाऱ्या स्त्रीला ठाऊक होते की, हे वचन पाळण्याची वेळ त्या पक्षावर बहुधा येणारच नाही.

मजूर पक्षाचे खाते निराळ्या कारणाने अवघड होते. त्याचे नेते किअर स्टार्मर यांनी २०२१ मध्ये म्हटले होते की, गर्भाशयमुख केवळ स्त्रियांनाच असते असे बोलणे योग्य नव्हे. हे विधान त्यांच्याच पक्षाच्या एका स्त्री खासदाराच्या वक्तव्यासंदर्भात होते. २०२३ मध्ये पक्षाने स्वघोषणेची कल्पना सोडून दिली. जून २०२४ च्या प्रचारात, दूरचित्रवाणीवरील कार्यक्रमात, स्त्री-पुरुष भेद शरीररचनेवरून ठरतो या माजी पंतप्रधान टोनी ब्लेअर यांच्या मताशी आपण सहमत असल्याचे त्यांनी सांगितले. जाहीरनाम्यात लिंगबदलाची प्रक्रिया सोपी करण्याचे वचन होते, पण तज्ज्ञ डॉक्टरांचे निदान कायम ठेवण्याची अटही होती. समता कायद्यात दुरुस्तीची गरज नाही, तो आहे तसा पुरेसा स्पष्ट आहे, अशी पक्षाची भूमिका राहिली.

यातून दोन तर्क निघतात आणि दोन्ही रास्त आहेत. पक्ष योग्य दिशेने सरकतो आहे, तर त्याला मत देऊन ती वाट रुंद करावी, हा एक. मते हवी आहेत तोवरच तो सरकतो आहे, सत्ता आल्यावर पुन्हा मागे फिरेल, हा दुसरा. माणसाचे मत बदलले की माणसाची गरज बदलली, हे बाहेरून ओळखण्याचे साधन मतदाराजवळ नसते. ते ओळखायला काळ जावा लागतो, आणि मतदानाचा दिवस तेवढे थांबत नाही.

लिबरल डेमोक्रॅट आणि ग्रीन हे दोन पक्ष प्रक्रियेतील वैद्यकीय अट काढून टाकण्याच्या बाजूचे होते. त्यांच्याविषयी या मतदारांना फार विचार करावा लागला नाही.

पक्षांचा लेखाजोखा येथवर ठीक. पण ब्रिटनमध्ये मत पक्षाला नव्हे, आपल्या मतदारसंघातील उमेदवाराला द्यायचे असते, आणि खरी पंचाईत तेथे होते. स्कॉटलंडच्या राजधानीतील एडिंबरा नैर्ऋत्य हा मतदारसंघ घ्यावा. तेथील खासदार जोआना चेरी या पेशाने वकील, स्त्रियांच्या जैविक व्याख्येच्या ठाम पुरस्कर्त्या. या मतापायी स्वपक्षातच त्यांना बरेच सोसावे लागले. २०२१ मध्ये संसदेतील पक्षाच्या पुढच्या बाकावरून त्यांना हटवण्यात आले. परंतु त्यांचा पक्ष कोणता? स्कॉटिश नॅशनल पार्टी, म्हणजे ज्या पक्षाच्या सरकारने ते स्वघोषणेचे विधेयक आणले तोच. त्या मतदारसंघात एखादी निवृत्त शिक्षिका आहे अशी कल्पना करावी. तिला चेरींचे धैर्य पटते. जानेवारी २०२३ मध्ये बलात्काराचा गुन्हा सिद्ध झालेल्या, पण स्वतःस स्त्री म्हणवणाऱ्या एका कैद्याला आधी स्त्रियांच्या तुरुंगात नेण्यात आले, तेव्हा देशभर उठलेल्या संतापात तीही होती. चेरींना मत दिले तर एक निर्भय आवाज संसदेत राहतो. पण तेच मत पक्षाच्या खात्यावर जमा होते आणि त्याच्या धोरणाला पाठिंबा म्हणून मोजले जाते. शिवाय तो पक्ष स्कॉटलंडच्या स्वातंत्र्याचा. तिला ते नको असेल तर?

मग मजूर पक्ष घ्यावा, तर स्कॉटलंडच्या संसदेत त्याच्याही बहुतेक सदस्यांनी त्या विधेयकाला मत दिलेले. हुजूर पक्षाचे वचन तिच्या मनासारखे, पण शर्यत मजूर आणि राष्ट्रवादी यांच्यात, त्यामुळे तेथे टाकलेली फुली सरकार बनवत नाही आणि चेरींना वाचवतही नाही. अशा वेळी तिने कोणता एक रकाना निवडला, हे कोणालाच कळणार नाही. कागदावर कारण लिहायला जागा नसते. चेरी पडल्या, मजूर पक्षाचा उमेदवार निवडून आला. चेरींच्या विचारांना मतदारांनी नाकारले असा अर्थ काहींनी लावला, पण तो टिकत नाही. स्कॉटलंडमध्ये त्या पक्षाचेच पानिपत झाले होते. त्याच्या हाती अवघ्या ९ जागा राहिल्या आणि विचार कोणताही असो, अनेक उमेदवार त्या लाटेत वाहून गेले.

इंग्लंडमधील कँटरबरीचे उदाहरण याच्या उलट बाजूचे. तेथे मजूर पक्षाच्या रोझी डफिल्ड २०१७ मध्ये केवळ १८७ मतांनी प्रथम निवडून आल्या होत्या. वर उल्लेख आलेल्या स्त्री खासदार त्याच. त्यांच्या मतांमुळे स्वपक्षीयांकडूनच इतका त्रास झाला की २०२१ च्या पक्ष अधिवेशनाला त्या सुरक्षेच्या कारणावरून गेल्या नाहीत, आणि २०२४ च्या प्रचारात उमेदवारांच्या जाहीर सभांतूनही त्यांनी माघार घेतली. कँटरबरी हे विद्यापीठांचे गाव, तरुण मतदार पुष्कळ. तेथे दोन शेजारणी एकाच नावापुढे परस्परविरुद्ध कारणांनी फुली मारू शकत होत्या. एकीला डफिल्ड हव्या होत्या आणि त्यासाठी ती स्टार्मरना सहन करत होती. दुसरीला स्टार्मरचे सरकार हवे होते आणि त्यासाठी ती डफिल्डना सहन करत होती. ही दुसरी कदाचित स्वतः पारलिंगी असेल किंवा तिचे मूल तसे असेल, आणि तिचा त्रास पहिलीपेक्षा कमी म्हणता येणार नाही. डफिल्ड पुन्हा निवडून आल्या. मतपेटीने दोघींची बेरीज केली.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट. हे मतदार ‘एकाच प्रश्नाचे’ मतदार आहेत, असे त्यांचे टीकाकार म्हणत. काही तसे होतेही. पण एकच प्रश्न मनात घेऊन मतदान करणे दिसते तितके सोपे नाही, कारण स्त्रीच्या सुरक्षिततेचा प्रश्न स्वतःच एकेरी नाही. आश्रयगृहाचे उदाहरण पुरेसे बोलके आहे. नवऱ्याच्या मारहाणीतून सुटून आलेल्या बाईला रात्री झोपायला अशी खोली हवी, जेथे कोणीही पुरुषदेहाची व्यक्ती येणार नाही, ही या मतदारांची मागणी. ती खोली कोणाची असावी याचे उत्तर हुजूर पक्ष अधिक स्पष्ट देत होता. पण ती खोली असावी की नाही, याचे काय? २०१० नंतरच्या काटकसरीच्या काळात त्याच पक्षाच्या सरकारने स्थानिक संस्थांचे अनुदान मोठ्या प्रमाणात कापले, आणि अशा सेवा याच अनुदानावर चालत. दाराची पाटी एकाकडे आणि घराचे भाडे दुसऱ्याकडे, असा हा व्यवहार. ज्या स्त्रियांनी आयुष्याची उमेद अशा संस्थांत घालवली, त्यांना तो दिसत नव्हता असे मानणे त्यांच्यावर अन्याय करणारे आहे.

शिवाय मतदार स्त्री ही केवळ स्त्री म्हणून केंद्रात जात नाही. ती गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी थांबलेली रुग्ण असते. इंग्लंडमध्ये त्या वेळी सरकारी आरोग्यसेवेच्या प्रतीक्षायादीत सुमारे ७६ लाख प्रकरणे होती. गृहकर्जाचा हप्ता एकाएकी चढलेली कर्जदार असते, नातवाच्या शाळेची चिंता करणारी आजी असते. फुली मात्र एकच असते, आणि कर्जखात्याप्रमाणे ती हप्त्यांत विभागून देता येत नाही. पाहण्यांतून आणखी एक गोष्ट पुढे येत राहिली आहे की, पारलिंगी व्यक्तींविषयी सरासरीने स्त्रियाच पुरुषांपेक्षा अधिक सहानुभूती बाळगतात, आणि तरुण स्त्रिया तर विशेषच. तेव्हा ‘स्त्रियांचे मत’ असा एकगठ्ठा कोणाच्याच तिजोरीत नव्हता. याचा दावा दोन्ही बाजूंनी केला गेला, इतकेच.

लेखिका जे. के. रोलिंग यांची कहाणी या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तान्ह्या मुलीला घेऊन सरकारी मदतीवर दिवस काढलेल्या या बाईंनी, संपत्ती आल्यावर २००८ मध्ये मजूर पक्षाला १० लाख पौंड दिले, आणि कारण सांगितले ते गरीब कुटुंबांतील मुलांचे. पुढे डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी एडिंबरा येथे लैंगिक अत्याचार सोसलेल्या केवळ स्त्रियांसाठी एक मदतकेंद्र स्वखर्चाने सुरू केले. जून २०२४ मध्ये त्यांनी ‘द टाइम्स’मध्ये सविस्तर लेख लिहून, या पक्षाला मत देणे आपल्याला जड जाईल असे जाहीर केले. त्यांच्या लेखातील संताप सर्वांनी पाहिला. त्यातील विरह फार थोड्यांनी पाहिला. पैसा असलेल्या व्यक्तीला मतपत्रिकेखेरीज इतर मार्ग असतात. सर्वसामान्य मतदार स्त्रीला त्या दिवशी तो कागद आणि ती पेन्सिल एवढेच असते.

ज्यांना कोणताच पक्ष पटला नाही, त्यांच्यापुढे दोन वाटा उरल्या. एक छोट्या पक्षाची. केली-जे कीन यांनी याच प्रश्नावर ‘पार्टी ऑफ वुमेन’ हा पक्ष काढून काही मतदारसंघांत उमेदवार उभे केले. तेथे अनामत रक्कम ५०० पौंड असते आणि ५ टक्के मते न मिळाल्यास ती जप्त होते. त्या पक्षाच्या सर्व उमेदवारांची ती जप्त झाली. दुसरी वाट मतपत्रिका बाद करण्याची. ही निव्वळ हताशा वाटते, पण तिच्यामागे एक व्यावहारिक बुद्धी होती. ब्रिटनमध्ये शंकास्पद मतपत्रिका बाद ठरवण्यापूर्वी उमेदवारांना आणि त्यांच्या प्रतिनिधींना दाखवण्याची पद्धत आहे. म्हणजे कागदावर एक वाक्य लिहिले तर ते उमेदवाराच्या नजरेखालून जाते. मत वाया जाते, निरोप पोचतो.

या दोन्ही वाटा परवडतात की नाही, हे राहत्या पत्त्यावर अवलंबून होते. जेथे एकाच पक्षाचा विजय ठरलेला, तेथे मत निरोपासारखे वापरता येते, कारण त्याने निकाल बदलत नाही. चुरशीच्या जागी तोच निरोप महाग पडतो. आणि देशभरात मजूर पक्ष इतक्या आघाडीवर होता की, रुसलेल्या मतदारांची मनधरणी करण्याची त्याला फारशी निकडच नव्हती. गिऱ्हाईक दुकानाबाहेर पडण्याची धमकी तेव्हाच उपयोगी पडते, जेव्हा दुकानात गर्दी नसते.

निकाल सर्वज्ञात आहे. ६५० पैकी मजूर पक्षाला ४११ जागा, हुजूर पक्षाला १२१. मतांत मात्र मजूर पक्षाचा वाटा ३४ टक्क्यांच्याही किंचित खालीच राहिला. या आकड्यांत जेंडर क्रिटिकल मतदारांनी किती भर घातली वा किती घट केली, हे वेगळे काढून दाखवणे शक्य नाही.

त्यानंतरच्या घटनांनी दोन्ही तर्कांना थोडे थोडे खरे केले आणि थोडे थोडे खोटे. लिंगओळखीच्या गोंधळात सापडलेल्या मुलामुलींच्या उपचारांविषयी डॉ. हिलरी कॅस यांचा अहवाल एप्रिल २०२४ मध्ये आला होता. त्यानंतर वयात येणे लांबवणाऱ्या औषधांवर हुजूर सरकारने तात्पुरती बंदी घातली होती. मजूर सरकार ती उठवील अशी अनेकांना भीती होती. आरोग्यमंत्री वेस स्ट्रीटिंग यांनी ती चालू ठेवली आणि डिसेंबरमध्ये बेमुदत केली. ज्यांनी शंका बाळगून मजूर पक्षाला मत दिले होते, त्यांच्या खात्यावर ही अनपेक्षित जमा. पारलिंगी मुलांच्या पालकांनी विश्वासाने दिलेल्या मतांच्या खात्यावर तीच नोंद नावे पडली.

रोझी डफिल्ड यांनी निवडणुकीनंतर तीन महिन्यांच्या आत, २८ सप्टेंबर २०२४ रोजी पक्ष सोडला. लोकांना वाटले, स्त्रीच्या व्याख्येवरून असेल. त्यांच्या पत्रात मुख्य कारणे होती ती नेत्यांनी स्वीकारलेल्या भेटवस्तूंची, वृद्धांच्या हिवाळी इंधनभत्त्यातील कपातीची, आणि दोनपेक्षा अधिक मुले असलेल्या गरीब कुटुंबांच्या मदतीवरील मर्यादा न उठवल्याची. ‘एकाच प्रश्नाची’ म्हणून जिला इतकी वर्षे हिणवले, ती बाई शेवटी गरिबांच्या ताटावरून पक्षाबाहेर पडली.

व्याख्येचा प्रश्न मात्र संसदेत सुटलाच नाही. ‘फॉर वुमेन स्कॉटलंड’ या संघटनेने सामान्य लोकांच्या वर्गण्यांवर चालवलेला खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. १६ एप्रिल २०२५ रोजी पाच न्यायाधीशांनी एकमताने निर्णय दिला की, २०१० च्या समता कायद्यातील ‘स्त्री’ आणि ‘लिंग’ यांचा अर्थ जैविक आहे. पारलिंगी व्यक्तींना भेदभावाविरुद्धचे संरक्षण त्याच कायद्यात कायम आहे, हेही न्यायालयाने त्याच दमात सांगितले. सरकारने निर्णय मान्य केला. ज्या दुरुस्तीची गरजच नाही असे एका पक्षाने म्हटले आणि जी दुसऱ्याने चौदा वर्षे केली नाही, तिचे काम वर्गणीतून गोळा केलेल्या पैशांनी झाले.

पुढची सार्वत्रिक निवडणूक २०२९ पर्यंत व्हायची आहे. दारावर येणाऱ्या उमेदवारांना आता ‘स्त्री म्हणजे कोण?’ हे विचारण्याचे कारण उरलेले नाही. निकालाची अंमलबजावणी रुग्णालयांत, कचेऱ्यांत, शाळांत कधी करणार, असे काही दारांत विचारले जाते. आणि त्याच रस्त्यावरील दुसऱ्या एखाद्या दारात पारलिंगी मतदार विचारते की, आता मी कोणत्या खोलीत जायचे?